अम्मीची खुंटी

पनवेलच्या मोहल्ल्यातलं आमचं माहेरचं घर पावसाळ्यानंतर पाडणार आहेत. बिल्डरचे कागद झाले, भाड्याच्या खोल्या ठरल्या आणि त्यातच माझ्या दोन भावांचं बोलणं बंद झालं. कोणाला कितवा मजला, यावरून. घरोघरची गोष्ट आहे, जास्त सांगत नाही.

सामान बांधायला गेले तर भाची कोपऱ्यात बसून शिरीष पैंचे हायकू वाचत होती. आचार्य अत्र्यांच्या या लेकीनं (1929–2017) जपानी हायकू मराठीत रुजवला. जपानीत तो सतरा ध्वनींचा, पाच-सात-पाच असा बसवलेला. मराठीत मोजदाद सैल झाली, तीन ओळी तेवढ्या राहिल्या. भाची म्हणाली, "फुफी, हे संपतं तेव्हा वाटतं, पुढे काहीतरी राहिलंय."

राहिलेलंच असतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. जपानी लोक अशा मोकळ्या जागेला 'मा' म्हणतात. दोन शब्दांमधली, दोन खांबांमधली, बोलता बोलता थांबण्यातली जागा. त्यांच्या जुन्या घरांत बैठकीच्या खोलीत एक कोनाडा असतो. त्यात एक चित्र आणि एखादं फूल, बस्स. चहाचा थोर उस्ताद सेन नो रिक्यू (1522–1591) याची एक कथा सांगतात. त्याच्या बागेतली फुलं बघायला राज्यकर्ता हिदेयोशी आला, तर रिक्यूनं सगळी फुलं आधीच खुडून टाकलेली. पाहुणा चिडून आत गेला, तर चहाच्या खोलीत एकच फूल ठेवलेलं.

याच रिक्यूमुळे 'वाबी' हा शब्द मोठा झाला. साध्या, कमी असलेल्या वस्तूतलं समाधान, असा त्याचा अर्थ. 'साबी' म्हणजे वापरानं आणि काळानं वस्तूला आलेलं रूप. हल्ली या दोन शब्दांच्या नावावर मुद्दाम खरखरीत केलेल्या भिंती आणि महागडे ओबडधोबड कप विकले जातात. रिक्यूला हसू आलं असतं की राग, कोण जाणे! पैसे मोजून आणलेला जुनेपणा आणि आमच्या अम्मीच्या पायांनी झिजलेला उंबरठा, यात फरक आहे की नाही?

साबीचा खरा कवी बाशो (1644–1694). त्याची 1686 मधली सर्वांत गाजलेली कविता एका जुन्या तळ्याची आणि बेडकाची आहे. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे अशा तलावांच्या गावात वाढलेल्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. आणखी एक शब्द आहे, 'मोनो नो आवारे'. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या विद्वानानं त्यावर फार लिहिलं. चेरीचा बहर चार दिवसांत गळणार हे ठाऊक असतं, म्हणून तो बघताना जीव हलतो. त्या हलण्याला हे नाव.

हे सगळं मी भाचीला सांगत होते. खरं तर बाहेरच्या खोलीत पेट्या बांधणाऱ्या धाकट्याला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं. मग म्हटलं, घराचे फोटो सगळेच काढतायत, आपण प्रत्येकानं घरावर तीन ओळी लिहू आणि ग्रुपवर टाकू. भाचीनं उंबरठ्यावर लिहिलं. माझ्या ओळी लांबल्या, चार झाल्या.

रात्री साडेअकराला धाकट्याचा मेसेज आला. शाळेत मराठीत जेमतेम पास होणारा हा मुलगा!

खुंटी रिकामी
खाली भिंतीवर
तसबीहचा ओरखडा

अम्मी रोज फज्रनंतर तसबीह त्या खुंटीला अडकवायची. चाळीस वर्षं मणी घासून चुन्यावर एक कमान उमटलीय. मी ती रोज बघत आले आणि मला एकदाही दिसली नव्हती.

भाईनं मेसेज वाचला, निळी खूण दिसली. उत्तर नाही. हीही 'मा'च म्हणायची, असं भाची म्हणाली. मी तिला गप्प केलं.

सकाळी भाई हातोडी आणि छिन्नी घेऊन आला. कोणाशी न बोलता खुंटीभोवतीचा चुना हळूहळू फोडू लागला. खुंटी सागवानी, आत वीतभर गेलेली. अर्ध्यावर अडकली तेव्हा धाकट्यानं पुढे होऊन ती खालून धरली. "हलव," भाई म्हणाला. "डावीकडे."

दोन महिन्यांत दोघांत झालेलं बोलणं तेवढंच. खुंटी सध्या माझ्या कपाटात आहे. ती कोणाच्या फ्लॅटमध्ये लागणार, हे अजून कोणी काढलेलं नाही.