जुंपता येते, तसे सोडताही आले पाहिजे



लहान ट्रॅक्टर आता आपल्या भागात नवलाचा राहिलेला नाही. बांधणीला, फवारणीला, आंतरमशागतीला वीस-पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अनेकांच्या दारात उभा आहे. त्यालाच मागे बॅकहो, म्हणजे आपण ज्याला 'मागचा पंजा' किंवा 'छोटा जेसीबी' म्हणतो ते खोदयंत्र, बसवून घेण्याकडे सभासदांचा कल वाढत आहे. निचऱ्याचे चर काढायला, पाईपलाईन गाडायला, बांध दुरुस्त करायला त्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. परंतु यंत्र घेताना आपण विचारतो काय? "किती फूट खोदतंय?" आणि "केवढ्याला पडतंय?" ते ट्रॅक्टरला जोडायचे कसे आणि काढायचे कसे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असला पाहिजे.

माझे मूळ गाव कासू. रायगड जिल्ह्यात पेण आणि नागोठण्याच्या दरम्यान, मुंबई-गोवा महामार्गावरचे. तिकडे ऊस नाही, भात आहे. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, आतले पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, अशी ती खारपाटाची शेती. २०११ साली महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम निघाले. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा पुढे पळस्पे-कासू आणि कासू-इंदापूर असा दोन भागांत विभागला गेला. काम वर्षानुवर्षे लांबले, त्यामुळे जेसीबी आणि पोकलेन तिथल्या माणसांना घरच्यासारखे झाले. पण सात-आठ टनांचे ते धूड खारपाटातल्या अरुंद बांधावर घालता येत नाही. बांधच खचायचा. तिथे लहान ट्रॅक्टरचा पंजाच चालतो. भात निघाले की मे अखेरपर्यंत त्याने बांधाला माती घालायची, चर मोकळे करायचे. जूनमध्ये पाऊस लागला की तोच ट्रॅक्टर चिखलणीला हवा. म्हणजे पंजा वेळेवर बसला नाही तर बांधाला खांड पडण्याची भीती, आणि वेळेवर निघाला नाही तर लावणी मागे.

आपल्याकडे खाडी नाही, पण मीठ आहेच. उसावर ऊस, मोकाट पाटपाणी आणि निचऱ्याचा अभाव, यांमुळे नदीकाठच्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडत चालल्या आहेत. त्यांना चर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ऊस तुटून रान रिकामे होते तेव्हापासून मे अखेरपर्यंत चराचे दिवस. जुलैत आडसाली लागण, पुढे बाळबांधणी, मोठी बांधणी. ही कामे करायला ट्रॅक्टरची पाठ मोकळी पाहिजे. सबब, वर्षातून निदान एकदा बसवणे आणि एकदा काढणे कोणालाच चुकत नाही.

प्रत्यक्षात काय दिसते? "साहेब, कोण काढतंय सारखं सारखं? राहू द्या लटकलेलं!" आणि मग अडीचशे ते साडेचारशे किलोचे वजन बारा महिने ट्रॅक्टरच्या पाठीवर. पुढचे चाक हलके होते, स्टिअरिंग नीट धरत नाही, मागचा ॲक्सल आणि टायर झिजतात, दुसरे अवजार लावायला जागाच उरत नाही. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर बांधणीच्या दिवसांत उभा, आणि शेजाऱ्याचा पॉवर टिलर भाड्याने! बैलाच्या मानेवर रात्रंदिवस जू ठेवणारा शेतकरी आपण कधी पाहिला नाही. मग ट्रॅक्टरनेच काय पाप केले?

हा पंजा दोन प्रकारे बसवला जातो. एक, नांगरासारखा तीन सांध्यांच्या लिंकेजवर. ही पद्धत हॅरी फर्ग्युसन यांची. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरपासून ती जगभर पसरली. पण ती मुख्यतः नांगर उचलायला आणि ओढायला आहे. पंजा जमिनीत जोर लावतो तेव्हा ट्रॅक्टरकडे उलटा रेटा येतो. लिंकेजवर तो रेटा आला की सांगाडा वर उचलला जाऊन चालकाच्या अंगावर येऊ शकतो, शिवाय गिअर पेटीच्या कवचाला तडा जाण्याचे भय. दुसरा प्रकार म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालून लोखंडी सबफ्रेम बसवून तिच्या हुकांत पंजा अडकवणे व जाड पिना घालणे. रेटा सबफ्रेम घेते. याला पैसे जास्त पडतात, तथापि घ्यायचा तर हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता काढण्याविषयी. जागा सपाट आणि टणक हवी. काळ्या रानात काढून ठेवलेला पंजा पहिल्या पावसात रुतून वाकडा होतो आणि पुन्हा हुकांना जुळत नाही. दोन्ही पायांखाली आणि पंजाखाली जाड फळ्या घालाव्यात. पाय आणि पंजा टेकवून सगळे वजन जमिनीवर आले की मगच पिना काढाव्यात. मग पंजाच्याच लिव्हरने सांगाडा हळूहळू हुकांतून मोकळा करावा. प्रत्येक कंपनीची तऱ्हा थोडी निराळी असते, तेव्हा कंपनीचे पुस्तक वाचून घ्यावे. पुढे इंजिन बंद करून सर्व लिव्हर चारी दिशांना हलवावेत, म्हणजे पाईपांतला दाब उतरतो. दाब राहिला आणि यंत्र उन्हात पडले, तर तेल फुगते आणि पुढच्या वेळी कपलर बसता बसत नाही. पाईप सोडल्यावर टोकांना टोपणे लावावीत, मातीचा कणही आत जाता कामा नये. तेल ट्रॅक्टरच्याच पंपातून पंजाकडे जाऊन परत येत असेल, तर ट्रॅक्टरकडचे जाणारे आणि येणारे पाईप एकमेकांना जोडण्यास विसरू नये. ते राहिले तर तेलाची वाट तुंबते, लिफ्ट उचलत नाही आणि पंपाचे नुकसान होते. पीटीओवरचा स्वतंत्र पंप असेल तर शाफ्ट काढला की झाले.

जोडताना हाच क्रम उलटा. ट्रॅक्टर सरळ रेषेत मागे घ्यावा, आधी पाईप, मग हूक, मग पिना आणि त्यांच्या स्प्लिट पिना. पुढे वजने किंवा लोडर असल्याखेरीज खोदायला जाऊ नये. अर्ध्या तासाने थांबून बोल्ट पुन्हा आवळावेत.

तीन गोष्टी जिवाच्या आहेत. इंजिन चालू असताना ट्रॅक्टर आणि पंजा यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये, मुले तर आसपासही नकोत. फिरत्या पीटीओजवळ उपरणे, पदर, धोतराचा सोगा घेऊन जाऊ नये. आणि पाईप गळतो की काय हे हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण हात गमवावा लागतो. तसे झाल्यास हळद लावून बसू नये, ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ गाठावे.

काही सभासद म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला, तासावर जेसीबी मिळतोच की. खरे आहे. विहीर, शेततळे, मोठा चर असेल तर जेसीबीच बोलवा. ज्याचे रान दोन एकर आणि चराचे काम दोन दिवसांचे, त्याने पंजाच्या नादी लागू नये हे उत्तम. पण ज्या गटात पाच-सहा जणांना दरवर्षी बांधबंदिस्ती आणि चर करायचे आहेत, त्यांनी मिळून एक घेतला तर तो परवडेल.

त्यासाठी माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक गट कार्यालयाच्या आवारात पंजा उतरवायला काँक्रीटचा एक ओटा करावा. गटातले दोन तरुण जोडणी-सोडणीत तयार करावेत आणि हे काम कोणीही एकट्याने करू नये, असा दंडक घालावा. तिसरी सूचना सभासदांच्याच हातची आहे. विक्रेत्यासमोर स्वतःच्या हाताने पंजा दोनदा काढून दोनदा जोडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. विक्रेता सांगेल, "सोपं आहे हो, पाच मिनिटांचं काम!" त्याला म्हणावे, मग दाखवा.

संचालक मंडळाने या सूचनांचा विचार करावा आणि सभासदांनी आपली मते गट कार्यालयात कळवावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग