चांदण्या पाहून पेरणारे गाव



'मागासलेले गाव' म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? डोंगरातली आडवाट, गवताने किंवा पानांनी शाकारलेली घरे, उखळात भात कांडणाऱ्या बायका आणि पेरणीचा दिवस आकाशातल्या चांदण्या पाहून ठरवणारे म्हातारे, असेच ना? आज अशाच एका गावाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. मात्र हा लेख वाचून होईपर्यंत 'मागासलेले' हा शब्द जरा बाजूला ठेवा. तो कोणाला लावायचा, हे आपण शेवटी पाहू.

नकाशात इंडोनेशिया काढा. त्यातले जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे, पण त्यावर १५ कोटींहून अधिक माणसे राहतात. बेटाच्या पश्चिम भागात हालिमुन नावाचा दाट जंगलांचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर चिप्तागेलार हे गाव वसले आहे. राजधानी जाकार्ता येथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही, पण नकाशांच्या पुस्तकात हे नाव तुम्हांला सापडणार नाही.

गावातले लोक सुंदानी भाषा बोलतात. अशा वस्तीला ते 'कासेपुहान' म्हणतात. 'सेपुह' म्हणजे वडीलधारा, म्हणून कासेपुहान म्हणजे वाडवडिलांच्या रीतीने चालणारा समाज. पूर्वजांचा आदेश झाला की या समाजाचे मुख्य ठिकाणच उठून दुसरीकडे जाते. चिप्तागेलार येथे ते २००१ साली आले.

आता येथील शेतीचे नियम ऐका. भाताचे पीक वर्षातून एकदाच घ्यायचे, दुसरे घ्यायचे नाही. सर्वांनी एकाच हंगामात पेरायचे आणि कापायचे. रासायनिक खते व कीटकनाशके वापरायची नाहीत. पिकवलेला तांदूळ विकायचा नाही. लोंब्या कापून त्यांच्या जुड्या बांधायच्या, वाळवायच्या आणि खांबांवर उभारलेल्या लाकडी कोठारात ठेवायच्या. या कोठाराला 'लेउइत' म्हणतात. आपल्याकडे जशी कणगी, तशी ही त्यांची. पण ही घरापासून वेगळी आणि एखाद्या छोट्या घरासारखीच दिसणारी. गावकऱ्यांनी भाताची शंभराहून अधिक वाणे जपून ठेवली आहेत. भात ही त्यांची देवता, तिचे नाव न्यी पोहाची. जावात तिलाच 'देवी श्री' असेही म्हणतात. हा 'श्री' आपल्या ओळखीचा आहे, नाही का?

आणि हंगाम कसा ठरतो? चांदण्या पाहून. 'केर्ती' दिसू लागली की लोखंडी अवजारे बाहेर काढायची आणि 'किदांग' दिसू लागला की कामाला जुंपून घ्यायचे, असा त्यांचा नियम आहे. केर्ती हे नाव ऐकताच तुम्हांला कृत्तिका आठवल्या असतील, तर ते बरोबरच आहे; तो तोच तारकापुंज. आणि किदांग म्हणजे आपल्या भेकरासारखे हरिण. आकाशातला किदांग म्हणजे ज्याला आपण मृग म्हणतो तोच तारकासमूह! आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी जे नक्षत्र आहे, तेच हजारो किलोमीटरांवरच्या जावातील शेतकऱ्याच्याही तोंडी आहे, आणि दोघांनाही त्यात हरिणच दिसले आहे.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "ही तर अंधश्रद्धा झाली! चांदण्यांचा आणि भाताचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो विचारलाच पाहिजे. पण प्रश्न विचारून थांबायचे नसते, उत्तरही शोधायचे असते.

प्रथम चांदण्यांचे पाहू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. वर्षातले काही आठवडे तो सूर्याच्या बाजूला असतो आणि प्रकाशात लपून जातो. मग एके दिवशी पहाटे, सूर्योदयापूर्वी, तो पूर्वेला पुन्हा पहिल्यांदा दिसतो. जावात कृत्तिका अशा दिसू लागतात जूनमध्ये आणि मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे त्यानंतर काही आठवड्यांनी. दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना! ज्या समाजाजवळ छापील दिनदर्शिका नव्हती, त्याला आकाशात ही दिनदर्शिका फुकट मिळाली. विषुववृत्ताजवळ उन्हाळा-हिवाळा असा मोठा फरक नसतो. त्यामुळे वर्षातला नेमका काळ ओळखायला अशा खुणेची गरज तेथे अधिकच.

येथे एक गंमत लक्षात घ्या. आपल्याकडे ७ किंवा ८ जूनला 'मृग लागला' असे म्हणतात. याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात शिरला. म्हणजे नेमके त्याच दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या प्रकाशात बुडालेले असतात, ते कोणालाच दिसत नाहीत. आपण पंचांग वाचून मृग ओळखतो, चिप्तागेलारचा शेतकरी डोळ्यांनी पाहून ओळखतो. निरीक्षणाच्या कसोटीवर कोण पुढे, याचे उत्तर तुम्हीच द्या.

आता दुसरा प्रश्न. वर्षातून एकच पीक का? जमीन आहे, डोंगरातून पाणी येते, मग दोन किंवा तीन पिके का घेऊ नयेत? याचे उत्तर कळण्यासाठी आपल्याला डोंगर उतरून जावाच्या सपाटीवर जावे लागेल.

१९६६ साली फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आय.आर. ८ हे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण प्रसृत केले. अशी नवी वाणे इंडोनेशियातही पोहोचली. ती लवकर तयार होत, म्हणून वर्षातून दोन किंवा तीन पिके घेता येऊ लागली. सरकारने खते आणि कीटकनाशके स्वस्तात दिली. १९७०च्या दशकात जगात सर्वाधिक तांदूळ आयात करणारा हा देश १९८४ साली स्वयंपूर्ण झाला. ही कामगिरी लहान नाही. कोट्यवधी लोकांच्या ताटात त्यामुळे भात आला, हे विसरून चालणार नाही.

पण याच काळात एक लहानसा शत्रू मोठा झाला. तपकिरी तुडतुडे तुम्ही कदाचित ऐकून असाल. काही मिलिमीटर लांबीचा हा कीटक भाताच्या बुंध्याशी बसून रस शोषतो. त्यांची संख्या वाढली की शेत जळाल्यासारखे दिसते. हा कीटक जवळजवळ भातावरच जगतो आणि त्याची एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते. आता विचार करा. शेतात बाराही महिने भात उभा असेल, शेजारी-शेजारी एकाचे रोप लहान तर दुसऱ्याचे मोठे असेल, तर या कीटकाला उपासमार कधी होणार? कधीच नाही.

शेतकऱ्यांनी फवारणी वाढवली. परिणाम उलटाच झाला. तुडतुड्याची अंडी भाताच्या पेशीजालात दडलेली असल्याने फवाऱ्यातून वाचत. मरत ते तुडतुडे खाणारे कोळी आणि इतर कीटक. पहारेकरी गेले आणि चोर मोकळे झाले. अखेर १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये इंडोनेशियाच्या सरकारने भातावर वापरण्यास ५७ कीटकनाशकांना बंदी केली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांवरचे सरकारी अनुदानही बंद केले. उत्पादन कोसळेल अशी भीती होती, पण ते कोसळले नाही. १९८९ पासून तेथील शेतकऱ्यांसाठी बांधावरच शाळा भरू लागल्या. त्यांत शेतकरी स्वतः किडी मोजायला, मित्रकीटक ओळखायला शिकले. आज महाराष्ट्रात कृषी खात्यामार्फत ज्या शेतीशाळा होतात, त्या पद्धतीचा उगम तेथलाच.

आता पुन्हा डोंगरात चला. वर्षातून एकच पीक, सर्वांचे एकाच वेळी, त्यानंतर काही महिने शेतात भाताचे रोपच नाही. म्हणजे जो कीटक भाताखेरीज जगू शकत नाही, त्याला दरवर्षी उपासाला लावायचे! कासेपुहानच्या लोकांत आणखी एक समजूत आहे: किदांग संध्याकाळच्या आकाशातून दिसेनासा झाला की लोंब्यांतला रस शोषणारा ढेकण्या खाली उतरतो, म्हणून त्याआधी पीक हाती यावे. ढेकण्या अर्थातच तारे पाहत नाही. पण ज्याचे शेत मागे राहिले, त्याच्या दुधाळ दाण्यांवर आजूबाजूच्या शेतांतले सगळे ढेकणे जमतात, हे कोणताही कृषितज्ज्ञ सांगेल. समजुतीतले कारण चुकीचे असेल, तीत साठवलेले निरीक्षण मात्र खरे असू शकते.

तुम्ही म्हणाल, हा केवळ तर्क झाला, पुरावा कोठे आहे? शाबास! पुरावा जावाच्या शेजारच्या बाली बेटावर मिळतो. तेथे पाणीवाटप करणारे शेतकऱ्यांचे संघ आहेत, त्यांना 'सुबाक' म्हणतात. कोणी कधी पेरायचे हे ते पाण्याच्या देवळांत बसून ठरवत. १९७०च्या दशकात त्यांना सांगण्यात आले की देवळाचे वेळापत्रक सोडा आणि जमेल तितक्या वेळा पेरा. काही वर्षांत किडींचा आणि पाण्याचा गोंधळ उडाला. पुढे स्टीफन लॅन्सिंग हे मानवशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे परिसरशास्त्रज्ञ यांनी दोन नद्यांवरील १७२ सुबाकांचे गणिती प्रारूप संगणकावर मांडले. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा पेरले तर किडी माजतात. सर्वांनी एकदमच पेरले तर पाणी पुरत नाही. देवळांच्या पद्धतीप्रमाणे गटागटाने पेरले की दोन्ही अडचणी सांभाळून उत्पन्न चांगले येते. देवळात बसून जे ठरत होते ते संगणकाच्या परीक्षेत उतरले.

मग काय, जुने ते सगळे सोने? मुळीच नाही. येथे मला तुम्हांला सावध करायचे आहे. वर्षातून एक पीक हा नियम उद्या साऱ्या जावाला लावला, तर १५ कोटी लोकांचे पोट भरणार नाही. थोडी माणसे, भोवती जंगल आणि भरलेली कोठारे असलेल्या गावाला जे परवडते ते सर्वांना परवडत नाही. शिवाय तारे वर्षातला काळ सांगतात, त्या वर्षीचा पाऊस सांगत नाहीत. १९९७, २०१५ आणि २०२३ साली एल् निन्योमुळे इंडोनेशियात दुष्काळ पडला, पण किदांग मात्र ठरल्या वेळीच उगवला! मृग लागला म्हणून पेरले आणि पाऊस न आल्याने दुबार पेरणी करावी लागली, हा अनुभव आपल्या शेतकऱ्यालाही आहेच. हवामान बदलत चालले आहे, तसतसे आकाशातल्या खुणांना पर्जन्यमापकाची आणि हवामान खात्याच्या अंदाजाची जोड द्यावीच लागेल.

नवे काही घ्यायचेच नाही, असा चिप्तागेलारच्या लोकांचा हट्टही नाही. ओढ्यांच्या पाण्यावर चालणारी छोटी वीजकेंद्रे त्यांनी उभारली आहेत. २००८ पासून त्यांचे स्वतःचे छोटे दूरचित्रवाणी केंद्र आहे. दिवा विजेचा चालतो, पण भात मात्र उखळातच कांडायचा! कोणती नवी गोष्ट घरात घ्यायची आणि कोणती उंबऱ्याबाहेर ठेवायची, हे ते स्वतः बसून ठरवतात. त्यांचा प्रत्येक निर्णय बरोबर असेलच असे नाही. उखळात कांडण्याचे कष्ट बायकांच्याच वाट्याला येत असतील, तर तो नियम पुन्हा तपासावा, असे मला वाटते. पण विचार करून निवडणाऱ्या माणसांना 'मागासलेले' कसे म्हणावे?

माझे म्हणणे एवढेच आहे. जुनी रीत दिसली की काहीजण हसतात, काहीजण हात जोडतात. दोघेही एकच चूक करतात: ते तपासत नाहीत. सपाटीवरच्या तज्ज्ञांनी दुसरे-तिसरे पीक सुरू करण्यापूर्वी डोंगरातल्या म्हाताऱ्यांना एवढेच विचारले असते की "तुम्ही एकच पीक का घेता?", तर उत्तर कदाचित देवीच्या नावाने मिळाले असते, पण त्यामागचा तुडतुडा लवकर सापडला असता. उलट, म्हाताऱ्यांनीही केवळ ताऱ्यांवर विसंबायचे ठरवले, तर एखाद्या एल् निन्योच्या वर्षी त्यांची कोठारे रिकामी होतील.

आता तुमच्यासाठी थोडे काम. जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळी पूर्वेकडे पाहा. एका ओळीतले तीन तारे दिसतील, तोच मृगाचा पट्टा. मध्यरात्रीच्या आधी तो आपल्या डोक्यावरून थोडा दक्षिणेकडे कललेला दिसतो. चिप्तागेलारला तो जवळजवळ थेट माथ्यावर येतो. असे का, याचा विचार करा. आणि घरी आजोबा किंवा आजी शेतीतले असतील, तर त्यांच्याकडून पेरणीचे, साठवणीचे, बियाण्याचे पाच जुने नियम लिहून घ्या. प्रत्येकापुढे तीन रकाने आखा: नियम काय, आजी कारण काय सांगते, आणि खरे कारण काय असू शकेल. शेवटचा रकाना शिक्षकांना विचारल्याशिवाय, शेतात जाऊन पाहिल्याशिवाय भरू नका. काही नियम टाकाऊ निघतील, काही कामाचे निघतील. कोणते कोणते, हे आज मीही सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. वही भरल्यावरच ते कळेल.