समजून घ्या : स्पीडबोट पळते कशी, आणि थांबते कशी?

पनवेलकराला दक्षिण मुंबई गाठायची तर लोकल आहे, सायन-पनवेल रस्ता आहे आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. पाण्याचा पर्याय मात्र अजून रुळलेला नाही. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरच्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सी सुरू झाली, तेव्हा स्पीडबोटीचे तिकीट ८०० ते १२०० रुपये आणि कॅटामरानचे २९० रुपये होते. अपेक्षित गर्दी झाली नाही. आता ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर ‘गेटवेहून थेट विमानतळ’ ही चर्चा नव्याने सुरू आहे. शिवाय शनिवार-रविवारी नागाव, किहीम, काशीदच्या किनाऱ्यावर जेट स्कीसाठी रांगा लागतातच.

म्हणजे वेगवान बोटी आपल्या पाण्यात वाढणार, हे नक्की. या बोटींच्या डिझाइनमध्ये गेल्या सहा-सात दशकांत काय काय बदलले आणि त्यातले आपल्या जेट्टीपर्यंत नेमके काय पोहोचले, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे. वेग पोहोचला आहे. वेग आवरणाऱ्या गोष्टी मात्र अजून ‘एक्स्ट्रा फिटिंग’च्या यादीत आहेत.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा?

१८ डिसेंबर २०२४ ची दुपार आठवा. गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड होऊन तिच्यावरचे नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. ‘नीलकमल’ला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची परवानगी होती, प्रत्यक्षात बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती.

त्याआधी २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली एक स्पीडबोट खडकावर आपटून बुडाली आणि एका तरुणाचा जीव गेला. एका अपघातात बोट आवरली नाही, दुसऱ्यात ती तरंगली नाही. या दोन्ही प्रश्नांवर बोट बनवणाऱ्यांनी फार पूर्वी काम केले आहे.

बोट पाण्यावर ‘चढते’ म्हणजे काय?

साधी लाँच पाणी बाजूला सारत जाते. पुढे जाताना ती स्वतःच एक लाट तयार करते आणि त्याच लाटेच्या खोलगट भागात अडकून बसते. तिच्या वेगाची मर्यादा काढायचे एक जुने सूत्र आहे : पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येते. ४९ फुटी लाँच असेल तर ७ गुणिले १.३४, म्हणजे साधारण ९.४ नॉट, तासाला १७ किलोमीटरच्या आसपास. यापुढे कितीही मोठे इंजिन लावले तरी डिझेल जास्त जळते, वेग फारसा वाढत नाही.

स्पीडबोट या मर्यादेतून सुटते, कारण ती पाणी बाजूला सारण्याऐवजी खाली दाबते आणि त्याच्या उलट दाबावर स्वतः वर उचलली जाते. चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जातो, तसेच काहीसे. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. एकदा बोट अशी वर चढली की तिचा थोडाच भाग पाण्यात उरतो, घर्षण घटते आणि ३०-४० नॉटचा वेग शक्य होतो.

पण ‘चढण्याच्या’ त्या काही सेकंदांत बोटीचे तोंड आकाशाकडे उचलले जाते आणि चालवणाऱ्याला समोरचे पाणी दिसत नाही. मागच्या बाकांवर माणसे दाटीने बसलेली असतील तर हा काळ आणखी लांबतो. बोटीच्या मागच्या काठाला खाली-वर होणाऱ्या दोन पट्ट्या लावतात, त्यांना ‘ट्रिम टॅब’ म्हणतात. त्या तोंड खाली आणतात. वजन नीट वाटून बसवणे हा त्याहून स्वस्त उपाय. म्हणून तांडेल ‘दोघे-तिघे पुढे या’ म्हणाला तर कुरकुर न करता पुढे जावे.

‘व्ही’ आकाराच्या तळाने काय बदलले?

सुरुवातीच्या वेगवान बोटींचा तळ मागच्या बाजूला जवळपास सपाट असे. शांत पाण्यात त्या छान पळत, लाटांवर मात्र प्रवाशांची हाडे खिळखिळी करत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा डिझायनर रे हंट याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस खोल ‘व्ही’ आकाराचा तळ पुढे आणला. आधीच्या बोटींत ‘व्ही’ पुढे खोल आणि मागे सपाट होत जाई. हंटने साधारण २४ अंशांचा उतार थेट शेवटापर्यंत नेला. तळाला लांबीच्या दिशेने बारीक पट्ट्या दिल्या, त्यामुळे पाणी बाजूला फेकले जाऊन बोट वर उचलली जायला मदत झाली.

१९६० च्या मायामी ते नसाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रात डिक बर्ट्राम याची ‘मॉपी’ ही याच तळाची बोट सहज जिंकली. त्यानंतर जगभरच्या कारखान्यांनी हा आकार उचलला. तुम्ही मांडव्याला ज्या स्पीडबोटीने जाता, तिच्या तळातही बहुधा याच कल्पनेचा वंश आहे.

या आकाराचा तोटाही आहे. उभी असताना अशी बोट सपाट तळाच्या बोटीपेक्षा जास्त डुलते. जेट्टीवर सगळे एकाच बाजूने उठले की ती झुकते, ती त्यामुळेच. पळण्यासाठी तिला इंजिनही जास्त ताकदीचे लागते.

बोटीला ब्रेक का नसतो?

गाडीला रस्ता धरून ठेवतो. पाणी कुणाला धरून ठेवत नाही. वेग कमी केला की स्पीडबोट प्लेनिंगवरून खाली बसते आणि पाण्याच्या विरोधाने हळूहळू थांबते. एकदम वेग सोडला तर मागून येणारी तिचीच लाट बोटीत शिरू शकते.

आता गणित पाहा. ४० नॉट म्हणजे सेकंदाला जवळपास २० मीटर. समोर २०० मीटरवर दुसरी बोट दिसली तर हातात १० सेकंद आहेत. मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तेच इथे लागू : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १० नॉटच्या लाँचऐवजी तेवढ्याच वजनाची बोट ४० नॉटने आदळली, तर आघाताची ऊर्जा चौपट नाही, सोळा पट असते.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जुन्या लाँचला स्वतंत्र सुकाणू असते. इंजिन बंद पडले तरी गती असेपर्यंत ती थोडीफार वळते. आऊटबोर्ड इंजिनाच्या बोटीत पंखाच डावी-उजवीकडे वळतो, म्हणजे पाण्याचा झोत हेच सुकाणू. झोत थांबला की वळण्याची ताकद जवळपास जाते. जेट स्कीवर तर हे जिवावर बेतते. नवखा माणूस समोर काही दिसले की घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि हँडल वळवतो. झोत बंद, त्यामुळे हँडल फिरूनही जेट स्की सरळच जाते. यावर उपाय निघाला : २००९ मध्ये ‘सी-डू’ने हँडलवरच ब्रेक असलेली यंत्रणा आणली. ब्रेक दाबला की झोतापुढे एक झडप येते आणि पाणी उलट दिशेला वळते. तुम्ही किनाऱ्यावर जी जेट स्की भाड्याने घेता ती जुनी असेल, तर तिच्यात हे नसेल. बसण्याआधी विचारायला काय हरकत आहे?

लाल दोरी कशासाठी?

या साऱ्या शोधांत सर्वात स्वस्त आणि, माझ्या मते, सर्वात मोलाचा शोध म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक दोरी. तिचे एक टोक इंजिनाच्या स्विचला असते, दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला. तो जागेवरून फेकला गेला की दोरी खेचली जाऊन इंजिन बंद. याला ‘किल स्विच’ म्हणतात.

ती नसेल तर काय होते, हे मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टो इथे दिसले. सहलीला निघालेले सहा जणांचे कुटुंब बोटीतून पाण्यात फेकले गेले. दोरी कुणी अडकवलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगात गोल फिरत राहिली आणि पुन्हा पुन्हा त्यांच्यावर आली. वडील आणि लहान मुलगी दगावली. दोरी बोटीतच होती.

अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान वेगवान बोटी चालवणाऱ्यांना हा स्विच अंगाला जोडणे कायद्याने बंधनकारक केले. आता दोरीऐवजी मनगटावरचे वायरलेस यंत्रही मिळते. ‘नीलकमल’नंतर आपल्याकडे गेटवेवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. ते हवेच. पण लाइफ जॅकेट अपघात झाल्यानंतर उपयोगी पडते. अपघात होण्याआधी काम करणाऱ्या गोष्टींची सक्तीही तेवढ्याच आवाजात मागायला हवी.

करवतीने कापलेली बोट तरंगते?

तरंगते. १९५८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड फिशर याने फायबरच्या दोन थरांमध्ये फोम भरून ‘बोस्टन व्हेलर’ ही लहान बोट बाजारात आणली. तिच्या तळाच्या आकारातही रे हंटचा हात होता. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात फिशरचे फोटो छापून आले : सूट घालून तो बोटीत बसला आहे आणि बोट मधोमध करवतीने कापली जात आहे. नंतर तो उरलेल्या अर्ध्या बोटीतून निघून जातो. जाहिरात म्हणून भन्नाट होतीच, पण मुद्दा खरा होता. तळाला भोक पडले तरी फोममध्ये पाणी शिरायला जागा नसते. पुढे अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींना पाणी भरले तरी तरंगत राहण्याचा नियमच झाला.

असाच दुसरा शोध म्हणजे कडक तळ आणि भोवती हवेचे रबरी नळे असलेली बोट, म्हणजे ‘रिब’. १९६० च्या दशकात वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात डेस्मंड होअर या निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी ती घडवली, समुद्रात अडकलेल्यांना वाचवण्यासाठी. होअर यांनी तिचे पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला नाममात्र एका पौंडात दिले. आज तटरक्षक दलांपासून हौशी मंडळींपर्यंत सगळे ती वापरतात.

पनवेलच्या खाडीत यातले काय चालेल?

इथे परदेशी ब्रोशर बाजूला ठेवावे लागते. आपली खाडी उथळ आणि गाळाची आहे. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. सकाळी जिथे बोट लागते तिथे दुपारी चिखल उघडा पडतो. बाहेर पंखा असलेली बोट गाळात अडकण्याची भीती असते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने १९५० च्या दशकात उथळ नद्यांसाठीच वॉटर जेट विकसित केले : पंखा तळाच्या आत, बाहेर फक्त पाण्याचा झोत. खोली कमी लागते, पाण्यात पडलेल्या माणसाला पात्याचा धोका नाही. पण जेट पाणी खालून ओढते आणि आपल्या खाडीत पाण्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याही येतात. जाळी तुंबली की झोत गेला, आणि झोत गेला की सुकाणू गेले.

सध्या सर्वाधिक कौतुक आहे ते पाण्याखाली पंख असलेल्या विजेच्या बोटींचे. वेग घेतला की पंखांवर उचलून बोटीचा तळ पूर्ण हवेत जातो. स्वीडनच्या कँडेला कंपनीची ३० प्रवाशांची ‘पी-१२’ २०२४ मध्ये स्टॉकहोमच्या जलवाहतुकीत दाखल झाली. तिची सेन्सरवर चालणारी यंत्रणा पंखांचा कोन सेकंदाला अनेकदा बदलून बोट स्थिर ठेवते. वीज कमी लागते आणि मागे उठणारी लाट अगदी लहान असते.

ही लाट दुर्लक्षिण्यासारखी नाही. वेगवान बोट गेल्यावर जो तडाखा किनाऱ्याला बसतो, तो तिवरांच्या मुळांशी माती सैल करतो आणि लहान होडीत जाळे ओढणाऱ्या कोळ्याला पाण्यात पाडू शकतो. खाडीवर पहिला हक्क त्याचा आहे, हे वॉटर टॅक्सीच्या सादरीकरणांमध्ये क्वचितच दिसते. पंखांच्या बोटीने हा त्रास घटेल. पण पंख खाली असताना तिला खोली जास्त लागते आणि पाण्यात बुडालेला ओंडका किंवा दोरखंड पंखाला लागला तर काय, याचे उत्तर स्टॉकहोमच्या स्वच्छ पाण्यात मिळणार नाही. ते इथल्या पाण्यातच, ओहोटीच्या वेळी आणि प्रवासी न बसवता तपासावे लागेल. आणि तेही प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर.

परवाना देताना काय पाहायला हवे?

महाराष्ट्र सागरी मंडळाकडे वॉटर टॅक्सीचे प्रस्ताव येतात तेव्हा चर्चा भाडे, मिनिटे आणि आसनसंख्या यांभोवती फिरते. नव्या मार्गांच्या अटींत चार ओळी वाढवल्या तर खर्च फारसा वाढणार नाही : चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेला किल स्विच, तळाला भोक पडले तरी तरंगण्याची चाचणी, जेट्टीजवळ आणि मासेमारीच्या जागी ठरलेली वेगमर्यादा, आणि प्रवासी मार्गावर कोणत्याही बोटीच्या वेगचाचणीला बंदी, मग ती बोट कुणाचीही असो.

तोवर प्रवाशाने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. जॅकेट हातात न धरता घालून पट्टा आवळा. बोटीवर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचा आणि माणसे मोजा. बोट निघण्याआधी चालवणाऱ्याच्या मनगटाकडे एक नजर टाका. दोरी डॅशबोर्डवर नुसती लटकत असेल, तर ‘दादा, ती लावता का?’ एवढे म्हणायला पाच सेकंद लागतात.