जालन्याच्या वारशाचा वाली कोण?

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा महाराष्ट्रात सर्वत्र आनंद झाला आणि तो उचितच होता. अजिंठा व वेरूळ यांना तो मान १९८३ सालीच लाभला होता. जालना जिल्ह्याच्या वाट्याला यांपैकी काहीच आलेले नाही. त्याबद्दल खंत करीत बसण्याचे कारण नाही. परंतु त्यातून निघणारा प्रश्न मात्र टाळता येण्याजोगा नाही. ज्या वास्तूंची कीर्ती पॅरिसपर्यंत पोहोचली नाही, त्यांचे रक्षण कोणी करावयाचे?

जालन्यापाशी आहे तरी काय, असे विचारणाऱ्यांनी थोडे आपल्याच जिल्ह्यात फिरून यावे. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील दानलेखांत त्याचे नाव आढळते. १९७३ साली तेथे झालेल्या उत्खननात हस्तिदंताची एक कोरीव स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे की, त्या मूर्तीचा कारागीर भोकरदनचाच असावा, असे मत काही विद्वानांनी मांडले आहे. अन्वा येथील कोरीव स्तंभांचे मंदिर, अंबडची मत्स्योदरी, समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब ही नावे आपल्या परिचयाची आहेत. असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी झुंजलेला वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगभर गाजला. खुद्द जालना शहरात जमशेदखानाची काळी मशीद, त्यानेच बांधविलेला मोती तलाव आणि १७२५ सालचा मस्तगड आहे. एवढे संचित असलेल्या जिल्ह्याने स्वतःला दरिद्री समजावे, हेच खरे दारिद्र्य होय.

या संचिताला कायद्याचे छत्र आहे काय? आहे, पण ते फार थोड्यांना पुरते. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली साऱ्या देशात सुमारे ३,७०० स्मारके संरक्षित आहेत. २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आणखी काही शेकडा स्मारके सांभाळतो. उरलेले सारे, म्हणजे जुने वाडे, सराया, बारवा, वेशी आणि घाट, नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेले आहे. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली अमलात आणली. पुढे राज्यातील इतर शहरांच्या विकास नियमावलीतही तशी तरतूद झाली. परंतु अशी तरतूद यादीवाचून पांगळी असते. जी वास्तू यादीत नाही, ती कायद्याच्या डोळ्यांना दिसतच नाही.

नेमके येथेच स्थानिक वारसा मंडळांचे काम सुरू होते. १९८४ साली स्थापन झालेल्या 'इन्टॅक' या संस्थेच्या शाखा आज देशभर आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरातही तिची शाखा आहे. या शाखांना पाडकाम थांबविण्याचा अधिकार नाही, की तिजोरीही नाही. त्यांचे बळ एवढेच की गावातला शिक्षक, वास्तुशिल्पी, छायाचित्रकार एकत्र येऊन वास्तूची मोजमापे, चित्रे व इतिहास टिपून ठेवू शकतात. हे काम दिखाऊ नाही, म्हणून ते दुर्लक्षिले जाते. दरवर्षी १८ एप्रिलला वारसाफेरी काढणे सोपे असते. वर्षभर गल्लोगल्ली हिंडून एकेका कमानीची नोंद करणे कठीण असते. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या. पुढे पोलिसांनी त्यांचा माग काढला. परंतु ज्या मूर्तीचे साधे छायाचित्रही कोणापाशी नाही, ती उद्या नाहीशी झाली तर पोलिसांनी शोधावयाचे तरी काय?

वास्तूंचा नाश काळ करतो असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. रस्तारुंदीकरण आणि जीर्णोद्धार हे दोघे काळापेक्षा चपळ आहेत. संभाजीनगरात २०११ साली रुंदीकरणाच्या मोहिमेत दमडी महाल जमीनदोस्त झाला. जीर्णोद्धाराची तऱ्हा निराळी. तेथे हेतू पवित्र असतो आणि हाती सिमेंट असते. चुन्याची भिंत ओलावा घेते व बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा थर चढविला की ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तैलरंगाने कोरीव काम बुजते ते वेगळेच. उपेक्षेत शतके तगलेली भिंत अशा प्रेमाने मात्र कोसळते.

'आधी पाणी, आधी रोजगार. मग तुमचे दगड,' असा आक्षेप यावर घेतला जाईल. जालन्यासारख्या तहानलेल्या शहरात तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण मोती तलाव आणि त्यातून जमिनीखालच्या नळांनी शहरास पुरविलेले पाणी, हा वारसाच नव्हे काय? २०१२-१३ च्या दुष्काळाने शहर हवालदिल झाले, तेव्हा निजामी राजवटीत बांधलेल्या घाणेवाडी तलावातील गाळ उपसण्यास जालन्याचे नागरिक व व्यापारी पुढे सरसावले. जुन्या वास्तूचे जतन म्हणजे काय, याचा तो उत्तम वस्तुपाठ होता. मात्र तहान लागल्यावरच तलावाची आठवण व्हावी, हे आम्हांस भूषणावह वाटत नाही.

दुसरा आक्षेप वाड्यांच्या मालकांचा आहे, आणि तो न्याय्य आहे. पडक्या वाड्याचा भार एका कुटुंबाने वाहावा व अभिमान साऱ्या गावाने मिरवावा, हा कुठला न्याय? ज्याला दुरुस्तीस मनाई करावयाची, त्याला करसवलत व हस्तांतरणीय विकास हक्क मिळालेच पाहिजेत. तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मनात असतो. ही वास्तू 'आपली' की 'त्यांची'? मत्स्योदरीची पायरी आणि काळ्या मशिदीची कमान या दोन्ही याच मातीत उभ्या राहिल्या. धर्म पाहून जी यादी होईल, तिला वारशाची यादी म्हणता येणार नाही.

यासाठी प्रचंड निधी लागतो, ही समजूतही खरी नाही. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे हे काही पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. गावच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू त्या व्यापाऱ्याने चिकाटीने जमविल्या आणि त्यांतून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. बियाणे आणि पोलाद यांच्या उद्योगात नाव कमावलेल्या जालन्यात अशी चार माणसे निघू नयेत काय?

२०२३ साली जालन्याची नगरपालिका महानगरपालिका झाली. नव्या दर्जाबरोबर नवी विकास योजना, नवे रस्ते आणि नवी पाडकामेही येतील. म्हणून वारसायादीची वेळ हीच आहे. स्थानिक मंडळींनी ती तयार करावी, महापालिकेने ती विधिवत स्वीकारावी आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांना प्रत्येक दुरुस्तीत प्रथम बोलावावे, एवढेच आमचे मागणे आहे. विकास योजनेच्या नकाशावर रस्त्याची लाल रेघ आधी पडली, तर मागाहून होणारी यादी ही गमावलेल्या वास्तूंचीच यादी ठरेल.