अंगाला घट्ट, श्वासाला मोकळा

परवा लातूरच्या मित्राचा फोन आला. "उद्या नांदेडला येतोय, पूलवर भेट. सूट ट्राय करायचाय." मला वाटलं, ठरलं वाटतं याचं लग्न! निघाला वेटसूट.

बँकेतली नोकरी, वय बत्तीस. गेल्या वर्षीपर्यंत व्यायाम म्हणजे गंजगोलाईत एक चक्कर आणि वर भजी. आता साहेबांनी गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला नाव घातलंय. 1.9 किलोमीटर पोहायचं, 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं. 2015 मध्ये मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची फुल आयर्नमॅन पूर्ण केली, 2019 मध्ये 70.3 गोव्यात मिरामारला आली आणि आपल्याकडच्या ऑफिसांत हे खूळ शिरलं ते शिरलंच. पण ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला गडी समुद्रात उतरणार म्हटल्यावर कौतुक वाटणारच की!

तर पूलवर पंधरा मिनिटं झटापट चालली. पूलवाले काका म्हणाले, "हे काय घालायलाय बाबा, ट्रॅक्टरची ट्यूब?" शेवटी चेन लागली. गडी पाण्यात गेला, अर्धी लांबी पोहला आणि कठडा धरून थांबला. चेहरा पांढराफटक. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतंय रे."

हसू थांबलं माझं. पूलला कठडा असतो, समुद्राला नसतो.

नंतर नीट पाहिलं तेव्हा घोटाळा कळला. सूट मांड्यांतच चार बोटं खाली लोंबत होता. खाली कमी पडलं की तो खांदे आणि छाती ओढतो. वेटसूट शर्टासारखा चढवायचाच नाही. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या, म्हणजे सर्रकन सरकतो. घोट्यापासून थोडं थोडं वर घेत आधी जांघेत पक्का बसवायचा, मगच हात घालायचे. तेही बोटांच्या पेरांनी, नखानं नाही. निओप्रीन नखानं फाटतं. मानेला घासू नये म्हणून काही लावायचं तर पेट्रोलियम जेली नको, तिनं रबर खराब होतं.

बरोबर बसलाय हे कसं ओळखायचं? कोरड्यात जरा जास्तच घट्ट वाटला तर घाबरू नका, पाण्यात सैलावतो. पण पोटभर श्वास घेता आलाच पाहिजे आणि हात डोक्यावर नेताना खांदा अडायला नको. कमरेच्या खोलगटात किंवा काखेत पोकळी राहिली तर तिथं पाणी साचणार आणि तुम्ही पखाल घेऊन पोहणार. गळा चिकटून हवा, आवळून नको. उतरल्यावर गळ्यापाशी ओढून थोडं पाणी आत घ्यायचं. छातीचा दाब कमी वाटतो, आणि ते पातळसं पाणी अंगानं तापतं. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून पायही वर तरंगतात. नवशिक्याला हे फारच गोड लागतं, कारण आपले पाय नेहमी नांगरासारखे खाली!

मित्राचा दुसरा घोटाळा म्हणजे ऑनलाइन ऑफर बघून त्यानं चक्क सर्फिंगचा सूट उचलला होता. ट्रायथलॉनचा सूट बाहेरून गुळगुळीत, छाती-मांड्यांना जाड (नियमानं जास्तीत जास्त 5 मिलिमीटर) आणि खांद्याला पातळ असतो. सर्फिंगचा जाड खांदा प्रत्येक हाताला ब्रेक लावतो. आणि साइज 'एल' की 'एक्सएल' असं नाही, उंची, वजन आणि छातीचं माप चार्टवर बघायचं.

आता खरी गंमत. "गोव्यात पाणी किती गार असतं रे?" मी विचारलं. गडी गप्प. आयर्नमॅनच्या नियमानं आपल्यासारख्या हौशींना पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तरच वेटसूट बिनदिक्कत चालतो. त्याच्या वर 28.8 पर्यंत परवानगी मिळाली तरी बक्षिसावर पाणी सोडायचं, आणि त्यापुढे बंदीच. ऑक्टोबरातला गोव्याचा समुद्र साधारण 28-29 अंश! अशा कोमट पाण्यात निओप्रीन घालून जोर लावला तर अंग तापून चक्कर यायची. तिथं ट्रायसूटवरच उतरायचं.

"मग बावीस हजार गेले का?"

सर्फिंगचा सूट परत जात असेल तर पाठव, म्हटलं. युरोपातल्या एखाद्या गार तळ्यातल्या स्पर्धेला नाव घालशील तेव्हा बघू, आणि तो घेताना तरी आधी अंगात घालून, पोहून बघ. तोवर त्याच पैशांत कोचची फी भर आणि स्पर्धेआधी दोन-तीन वीकेंड समुद्रात, सोबत कुणी जाणकार घेऊन, पोहून ये. तळ न दिसणाऱ्या पाण्याची भीती कुठल्याही सूटनं जात नाही. माझीही अजून गेलेली नाही.

काकांनी सूट गोड्या पाण्यातून काढून उन्हात टाकायला घेतला, तो मी झडप घालून सावलीत आणला. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात निओप्रीनचं काय उरणार? मित्र तोवर नुसत्या चड्डीवर परत पाण्यात गेला होता. या वेळी चार लांब्या झाल्या.