गर्भाचें हृदय आणि सुनेला बोल

आमच्या तामलवाडीच्या वाड्यांत पुतण्यास कन्या झाली. बारसें थाटांत पार पडलें. पण महिन्याभरानें बाळ रडूं लागलें कीं त्याचे ओठ जांभळे पडूं लागले. सोलापुरास नेलें. तेथें हृदयाची सोनोग्राफी होऊन जन्मजात दोष निघाला. गाडी परत दारांत येऊन उभी राहते न राहते तोंच आमच्या वहिनी म्हणाल्या, "सातव्यांत ग्रहण होतें. किती सांगितलें, तरी ही विळीवर भाजी चिरीत बसली!" सून खालमानेनें आंत गेली. त्या रात्रीं ती जेवली नाहीं.

आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां प्रथम हात गेला तो सुश्रुताच्या शारीरस्थानाकडे. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, तेव्हांपासून स्त्री द्विहृदया होते व तिची इच्छा ती गर्भाचीहि इच्छा, असें तो मानतो. आपल्या 'डोहाळे' शब्दाचें मूळ वैद्यपरंपरा तेथेंच दाखविते. आधीं कोणतें अंग होतें याविषयींहि तेथें मोठा वाद आहे. शौनक म्हणतो शिर, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभि. आणि धन्वंतरि निकाल देतो कीं, बांबूच्या कोंबांतल्याप्रमाणें सारीं अंगें एकदमच होतात, सूक्ष्मपणामुळें दिसत मात्र नाहींत. आजच्या सूक्ष्मदर्शकानें कृतवीर्याची बाजू थोडी वर केली आहे, कारण काम करूं लागणारें पहिलें अंग हृदयच होय.

गर्भधारणेनंतर सुमारें २२ व्या दिवशीं तें हलूं लागतें. त्या वेळीं तें हृदय कसलें, दोन बारीक नळ्या जुळून झालेली एक नळी! सगळा गर्भच तिळाएवढा, आणि मातेची पाळी चुकून जेमतेम आठवडा लोटलेला. पुढें ती नळी उजवीकडे वळसा घेते, आंत पडदे वाढतात, कप्पे होतात. वरच्या टोकास मात्र रक्त बाहेर नेणारें एकच खोड असतें. त्यांतून दोन वाहिन्या व्हावयाच्या असतात: सर्व शरीरास रक्त पुरविणारी महाधमनी व फुप्फुसांकडे जाणारी फुप्फुसधमनी. या खोडांत जो पडदा उतरतो तो सरळ उतरत नाहीं, पीळ घेत उतरतो. म्हणून जन्मानंतरहि त्या दोन वाहिन्या जानव्याच्या पदरांप्रमाणें एकमेकींस वळसा घालून असतात. पीळ पडला नाहीं तर वाहिन्या भलत्याच कप्प्यांस जोडल्या जातात. पडदा झालाच नाहीं तर खोड एकच राहतें. पडदा एका बाजूस सरला तर फुप्फुसांची वाट अरुंद होते, खालच्या कप्प्यांमधील भिंतींत भोंक राहतें, आणि निळसर रक्त महाधमनींत शिरतें. आमच्या बाळाचें हेंच झालें आहे. फॅलो या फ्रेंच वैद्यानें १८८८ त वर्णिलेलें हें चार दोषांचें कडबोळें.

नवल असें कीं, या पडद्याच्या कामीं येणाऱ्या कित्येक पेशी हृदयाच्या नव्हेतच. गर्भाच्या पाठीशीं मेंदू व मज्जारज्जु घडत असतात, त्या कांठावरून त्या प्रवास करीत येतात. १९८३ सालीं अमेरिकेंत मार्गारेट कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अंड्यांतील कोंबडीच्या गर्भांतून या पेशी काढून टाकल्या, तेव्हां खोड नीट दुभंगेना.

हा सारा खटाटोप आठव्या आठवड्याच्या सुमारास आटोपतो. त्या वेळीं घरांत कित्येकदां कोणास बातमीहि नसते. डोहाळजेवण तर कोठेंच दूर. मग सातव्या महिन्यांतील ग्रहणानें व विळीनें काय बिघडविलें, हें आम्हीं वहिनींस विचारलें. त्या बोलल्या नाहींत.

हजार जन्मांत आठनऊ मुलांस हृदयाचा कांहीं ना कांहीं दोष असतो, आणि बहुतेकांत निश्चित कारण सांपडत नाहीं. जीं ठाऊक आहेत तीं आधींच संभाळावयाचीं: मातेचा अनावर मधुमेह, कांहीं औषधें, आणि पहिल्या महिन्यांतील रुबेला. रुबेलाचा हा संबंध ऑस्ट्रेलियांत ग्रेग यांनीं १९४१ त उजेडांत आणला. त्याची लस महाराष्ट्रांत २०१८ च्या मोहिमेंत शाळाशाळांतून दिली गेली. जवळच्या नात्यांतील विवाहानेंहि धोका कांहींसा वाढतो. आम्हां देशस्थांत मामाची मुलगी करणें पूर्वापार चालत आलेलें, आणि ही सून वहिनींची सख्खी भाची. सोयरीक त्यांनींच जुळविलेली. तें आम्हीं मनांतच ठेविलें. एकीवरचा बोल दुसरीवर टाकून काय साधलें असतें?

अशा मुलांच्या तपासणीसाठीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ त त्याचा आरंभ आपल्याच पालघरास झाला. आमच्या बाळाचे कागद त्यांतूनच पुढें गेले असून शस्त्रक्रियेची तारीख ठरावयाची आहे. तोंवर ओठ निळे पडले कीं त्याचे गुडघे छातीशीं दुमडून धरावे व लगेच रुग्णालय गांठावें, असें डॉक्टरांनीं दाखविलें आहे. परवां पहाटे बाळ रडूं लागलें. आम्ही पोंचेपर्यंत वहिनींनीं त्याला मांडीवर घेऊन गुडघे छातीशीं धरले होते, आणि त्या सुनेस म्हणत होत्या, "अग, गाडी काढायला सांग. मी धरलें आहे."