गाय निवडावी ती रान पाहून

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदानही जाहीर झाले. तथापि, रानात गुरे चारून जगणाऱ्या पशुपालकाने कोणती गाय पाळावी, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात विदेशी व संकरित गुरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, तर देशी गुरे सहा टक्क्यांनी घटली. कारण उघड आहे. संकरित गाय दूध अधिक देते. मात्र तिला हिरवा चारा, मुबलक पाणी आणि सावली लागते. माणदेशाच्या माळावर यांपैकी काहीच हमखास नसते. तेथे खिल्लार कडब्यावर तग धरते. अकोले-इगतपुरीच्या मुसळधार पावसात तेलकट कातडीची, टणक खुरांची डांगीच टिकते. म्हणजेच 'देशी' हा एकच वाण नव्हे. प्रदेशागणिक निवड बदलते.

या जनावरांचे मोल दुधात नव्हे, बैलात होते. ट्रॅक्टर आला, बैलाची गरज घटली. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर म्हाताऱ्या बैलाची किंमतही गेली. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता दिल्याने खिल्लारला आधार मिळाला. डांगीला तसा आधार नाही.

त्यामुळे अनुदान गोशाळेपुरते न राहता पशुपालकाच्या गोठ्यापर्यंत पोहोचणे आणि त्या-त्या भागातील जातिवंत वळू तेथेच उपलब्ध होणे अगत्याचे आहे. अन्यथा गौरव गायीचा होईल आणि माळ मात्र ओस पडेल.